मयत आत असलं की वाजतो

नव्वदीच्या शेवटच्या वर्षांत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान द्वारका चौकाजवळ होतं. दुकान म्हणजे एक गाळा, बाहेर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा आणि शेजारी लग्नपत्रिका छापणाऱ्या शेठची प्रेस. माझ्याकडे ट्रक यायचे, पिंपळगावहून द्राक्षांचे टेम्पो यायचे, मालेगावच्या रिक्षा यायच्या. कुणाचा डावा इंडिकेटर लावला की वायपर हलायचा, कुणाची बॅटरी गाडी उभी असताना उतरायची. त्यामुळे एका सकाळी दुकानासमोर शववाहिका येऊन थांबली तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. तिलाही बॅटरी असते.

गाडी एका सेवाभावी मंडळाची होती. आधी ती रुग्णवाहिका होती. म्हातारी झाल्यावर मंडळाने ती घेतली, पांढरा रंग दिला, लाल फुल्या पुसल्या आणि दोन्ही बाजूंना ‘अंतिम प्रवास’ असं लिहून घेतलं. चालक चांदवडकडचे, साठीच्या आसपासचे. आयुष्यभर प्रवासी बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना मी काका म्हणायचो.

“काय होतंय, काका?”

“ब्रेक मारला की सायरन वाजतो.”

“मारा बघू.”

“आत्ता नाय वाजणार. मयत आत असलं की वाजतो.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा करणारा माणूस तोंडाच्या कोपऱ्यातून कळतो. काकांच्या तोंडाला तसे कोपरे नव्हते.

“रिकामी गाडी घरी नेताना?”

“गप ऱ्हाती. जाताना वाजती, येताना नाय. मंडळाचे लोक म्हणत्यात मीच वाजवतो. मी कशाला वाजवू?”

गिऱ्हाईक बिघाडाचं जे कारण सांगतं ते मी सोडून देतो, पण त्याने जे पाहिलेलं असतं ते सोडत नाही. काकांनी कारण सांगितलंच नव्हतं, फक्त पाहिलेलं सांगितलं होतं. त्यात फक्त मयताचा संबंध कुठे येतो ते मला जुळवायचं होतं.

मी बॉनेट उघडलं. रुग्णवाहिकेचा जुना सायरन आत तसाच होता. मोटरवर फिरणारा, लोखंडी, घुंगरासारखा गोल. गाडी बदलताना डॅशबोर्डवरचं त्याचं बटण काढलं होतं, टपावरचा निळा फिरता दिवा काढला होता, पण सायरन काढायला कुणाला तरी कंटाळा आला असावा. वायरी कापून टेप लावून आत खुपसून दिल्या होत्या. अशा कापून ठेवलेल्या वायरी माझं निम्मं घर चालवायच्या.

टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरी लावलेला साधा बल्ब. तो घेऊन मी सगळीकडे फिरलो. काका ब्रेक दाबत होते, मागचे लाल दिवे लागत होते, सायरन गप्प होता. मी वायरी हलवल्या, ओढल्या, गाडी धक्के देऊन हलवली. काही नाही. फ्यूजच्या डबीत ब्रेकच्या फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार गुंडाळलेली सापडली. ते चांगलं नव्हतं, पण तार काही मयत ओळखत नव्हती.

मग मी ठरवलं की प्रश्न वजनाचा असणार. माणूस आत ठेवला की बॉडी दबते आणि कुठेतरी वायर टेकते. समोरच्या बांधकामावरून वाळूची पोती मागून आणली आणि गाडीच्या मधोमध, तिरडी ठेवतात त्या फळीवर रचली. काकांनी पोती बघितली.

“एवढं जड मयत नसतंय, मिस्तरी.”

“असू द्या. दाबा ब्रेक.”

त्यांनी दाबला. शांतता. आम्ही पोत्यांना घेऊन मुंबई नाक्यापर्यंत चक्कर मारून आलो. खड्ड्यात घातली, गतिरोधकावरून उडवली. पोत्यांनी सायरन वाजवला नाही.

परत आलो तेव्हा प्रेसवाले शेठ दारात उभे होते. शेठ सभ्य माणूस. रागावले की आणखी सभ्य व्हायचे.

“शेजारी, एक विनंती होती. ही गाडी किती दिवस?”

“बिघाड सापडेपर्यंत.”

“नाही, आपलं काम आहे, मी समजू शकतो. पण माझ्याकडे लोक मुलीच्या लग्नाच्या पत्रिका निवडायला येतात. गणपतीचं चित्र निवडतात आणि वर मान केली की समोर ‘अंतिम प्रवास’.”

मी गाडी उलटी उभी करून दिली. दुसऱ्या बाजूलाही तेच लिहिलेलं होतं. शेठनी मग त्यावर माझी जुनी ताडपत्री टाकायला लावली. झाकल्यावर ती जास्तच तशी दिसायला लागली, म्हणून संध्याकाळी त्यांनीच काढून टाकली.

दोन दिवस झाले तरी गाडी माझ्याकडेच होती. मधे मंडळाला फोन आला की ती धुऊन काका घेऊन जायचे आणि सायरन वाजवत अमरधामात पोचवून यायचे. आल्यावर मला सांगायचे, “वाजला.” जणू मी पैज हरत होतो. शेवटी मी म्हटलं, “काका, पुढच्या वेळी मी येतो बरोबर.”

पुढची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारीच आली. गंगापूर रोडच्या एका गल्लीत घर होतं. गेलेले गृहस्थ नोकरीतून निवृत्त झालेले, घरात एक मुलगी. भाऊ नव्हता. त्या काळी आमच्याकडे बायका अमरधामापर्यंत फारशा जात नसत, आणि गल्लीत त्यावरून कुजबुज चालू होती. मुलगी तिशीची असेल. तिने ती कुजबुज ऐकली, चपला घातल्या आणि गाडीत चढून बसली. डाव्या बाजूला लांब बाक होता. त्यावर ती, तिचे चुलते आणि शेजारचे दोघं असे बसले. मधे फळीवर तिचे वडील. मी पुढे, चालकाशेजारी. मी कोण ते कुणी विचारलं नाही. अशा वेळी पुढे बसलेल्या माणसाला काहीतरी काम असणार असं लोक धरून चालतात.

गल्लीच्या तोंडाशी काकांनी ब्रेक दाबला आणि सायरन सुरू झाला. मोटरचा सायरन एकदम वाजत नाही. तो खालून उठतो, चढत जातो, आणि पाय काढला की रडून दमल्यासारखा उतरतो. मागून मुलीचे चुलते म्हणाले, “अहो, हे काय! बंद करा ते.”

“बंद होत नाय, साहेब,” काका म्हणाले. “बिघाड हाय. हे मिस्तरी त्याच्यासाठीच आलेत.”

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान डोलावली.

अशोक स्तंभापाशी नेहमीसारखी गर्दी होती. काकांनी ब्रेक दाबला, सायरन चढला, आणि गर्दी दुभंगली. रिक्षा फुटपाथवर चढल्या. एका स्कूटरवाल्याने मागे बसलेल्या बायकोसकट गाडी दुकानात घातली. हवालदाराने शिट्टी तोंडात धरून सगळा चौक थांबवला आणि आम्हाला हाताने पुढे बोलावलं. आम्ही जवळून गेलो तेव्हा त्याने गाडीच्या कडेला लिहिलेलं वाचलं. त्याचा हात तसाच वर राहिला.

रविवार कारंजावर पुन्हा तेच झालं. मुलीचे चुलते आता हात जोडून म्हणाले, “लोक काय म्हणतील? मेलेल्या माणसाला कसली घाई?”

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, चुलत्यांकडे वळून. आवाज चढवला नाही.

“राहू द्या, काका. काल रिक्षातून नेलं त्यांना दवाखान्यात. पुलाच्या तोंडाशी अडकलो होतो. मी उतरून लोकांना हात जोडत होते, कुणी सरकलं नाही. आज बघा कसे सरकतायत.”

मी समोर पाहत होतो. बिघाड शोधणाऱ्या माणसाची नजर आपोआप चालकाच्या पायाकडे जाते. तोपर्यंत काका गरज असेल तिथेच ब्रेक दाबत होते. त्यानंतर होळकर पूल लागला. पूल बऱ्यापैकी मोकळा होता. काकांनी पुलाच्या तोंडाशी ब्रेकवर पाय ठेवला. जोरात नाही, नुसता ठेवला, दिवे लागतील एवढा. वेग कमी झाला नाही, पण सायरन चढत गेला, आणि पूल संपेपर्यंत तो चढलेलाच राहिला. लोक कठड्याला टेकून उभे राहिले. मागे मुलगी रडत होती. त्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं, म्हणून बहुतेक ती मोकळेपणाने रडत होती.

मी सायरन बंद करायला गेलो होतो. पुलावर मी काकांना पाय काढा म्हटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर फ्यूजच्या जागची ती जाड तार येत होती आणि ती जळू नये असं मला वाटत होतं.

अमरधामाच्या फाटकाशी मंडळी खाली उतरली. आत आणखी एक अंत्ययात्रा होती, म्हणून काकांना गाडी मागे घेऊन दुसऱ्या बाजूने लावायची होती. त्यांनी गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला, पुढे घेतली, पुन्हा दाबला. मयत आतच होतं. सायरन वाजला नाही.

“काका, पुन्हा दाबा.”

दाबला. शांत.

मी मागे वळून पाहिलं. मधे फळीवर गृहस्थ होते, डावीकडचा बाक रिकामा होता. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. सायरन मेलेल्या माणसामुळे वाजत नव्हता. बाकावर बसलेल्या जिवंत माणसांमुळे वाजत होता. जाताना बाक भरलेला असतो. येताना लोक आपापल्या गाड्यांनी घरी जातात. मी पोती चुकीच्या जागी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाकावर बसायला माणसं हवी होती. वाळूची पोती समोरच्यांनी वापरून टाकली होती, आणि खरं सांगायचं तर बाकाचे पाय कुठे दाबले जातात ते बघायला माणसंच बरी. पोत्यांना जरा पुढे सरका म्हणून सांगता येत नाही. मी चहावाल्याला विचारलं. त्याने दुधाचं पातेलं दाखवलं. टायरवाल्याला विचारलं. त्याच्या घरात सोयर होतं म्हणाला. पंक्चरवाला म्हणाला, बसतो, पण उतरल्यावर आंघोळ करावी लागेल आणि नळाला पाणी संध्याकाळी येतं.

मग मी शेठकडे गेलो.

“शेठ, गाडी इथून जायला हवी ना?”

“अर्थात. घाई नाही, पण हो.”

“मग तुम्ही आणि तुमचे कामगार जरा येऊन बसा.”

शेठनी प्रेस बंद केली. डोक्यावर टोपी घातली, ती का घातली त्यांना विचारलं नाही. तीन कामगारांना घेऊन ते गाडीत चढले आणि ओळीने बाकावर बसले, हात गुडघ्यांवर. काकांनी ब्रेक दाबला. सायरन सुरू झाला. शेठ उठायला लागले तसा तो कण्हत खाली आला.

“बसा, बसा!” मी ओरडलो. “बसूनच राहा.”

बाक उचलून खाली पाहिलं असतं तर वजन निघालं असतं आणि वजन निघालं की बिघाडही निघून गेला असता. लोक बसलेले असतानाच तो पकडायला हवा होता. म्हणून मी टॉर्च आणि टेस्ट लॅम्प घेऊन फळीवर आडवा झालो आणि तोंड वळवून बाकाखाली पाहू लागलो. पाय लांब करायला जागा नव्हती, म्हणून ते मागच्या दारातून बाहेर राहिले.

गाडी बदलताना बाक नवीन बसवला होता. त्याच्या प्रत्येक पायाखाली लाकडी ठोकळा, ठोकळ्याखाली प्लायवूडची जमीन, आणि मागच्या दिव्यांकडे जाणारी वायरींची जुडी ज्याने कुणी बाक बसवला त्याने सरळ एका ठोकळ्याखालून जाऊ दिली होती. मी शेठना जरा दाराकडे सरकायला सांगितलं. सायरन जोरात झाला. पुढे सरकायला सांगितलं, घोगरा झाला.

“तिथेच थांबा, शेठ. श्वास सुद्धा घेऊ नका.”

नेमका त्याच वेळी पत्रिका छापायला एक गृहस्थ आले. प्रेस बंद दिसली. समोरच्या गाडीत शेठची टोपी दिसली म्हणून त्यांनी गाडीच्या मागच्या दारातून आत डोकावलं. बाकावर टोपी घातलेले शेठ आणि त्यांचे तीन कामगार, चेहरे पाडून, श्वास धरून बसलेले. मधे फळीवर मी आडवा. पुढे काकांनी नुकताच ब्रेक सोडलेला, आणि सायरन उतरत चाललेला. त्या गृहस्थांनी चपला काढल्या.

हळू आवाजात त्यांनी विचारलं, “शेठ, कधी गेले?”

शेठ श्वास धरून होते, त्यामुळे त्यांना बोलता येईना. म्हणून मीच म्हणालो, “थांबा, सापडतंय.”

ते गृहस्थ चपला हातात घेऊन किती वेगाने गेले ते मला दिसलं नाही, मी बाकाखाली पाहत होतो. पत्रिका त्यांनी दुसरीकडे छापल्या असं शेठ पुढे बरीच वर्षं सांगत. मी प्रत्येक वेळी वाईट वाटतं म्हणायचो, आणि वाटायचंही.

बिघाड असा होता. त्या जुडीत ब्रेकच्या दिव्याची वायर होती. तिच्या शेजारी टपावरच्या निळ्या दिव्याची, आता कुठेच न जाणारी वायर होती. हादऱ्यांनी घासून दोघींचं प्लास्टिक ठोकळ्याखाली निघालं होतं. कुणी बसलं की दोन्ही उघड्या तारा एकमेकींना भेटायच्या. निळा दिवा आणि सायरन पूर्वी एकाच बटणावर होते, म्हणून ब्रेकचा करंट त्या मेलेल्या वायरीतून उलटा पुढे जायचा आणि सायरनला फिरवायचा. वर लाकूड, खाली लाकूड, बॉडीला कुठे टेकत नव्हतं, त्यामुळे ना ठिणगी ना धूर. फ्यूजच्या जागी साधा फ्यूज असता तर सायरनच्या ओढीने तो पहिल्याच दिवशी उडाला असता आणि गाडीला ब्रेकचे दिवे राहिले नसते. मागून कुणीतरी धडकलं असतं. तार गुंडाळणाऱ्या माणसाला शिव्या द्याव्यात की नाही हे मला ठरवता आलं नाही.

काम अर्ध्या सकाळचंही नव्हतं. वायरी तोडून नव्या जोडल्या, जुडी ठोकळ्याखालून काढून कडेने नेली, खरा फ्यूज बसवला. मग सायरन काढायला पाना घेतला, तेव्हा काका बॉनेटजवळ येऊन उभे राहिले.

“काढूनच टाकायचा का, मिस्तरी?”

“मंडळाने सांगितलंय. राहिला तर पुन्हा कधीतरी वाजेल.”

“बटण लावून ठेवला तर? म्हणजे आपल्याला पाहिजे तवाच.”

“काका, शववाहिकेला सायरन चालत नाही.”

“हां,” ते म्हणाले. “ते हायेच.” त्यांनी सायरनवरची धूळ बोटाने पुसली. “त्या पोरीचं बरं झालं मात्र.”

पुलावरच्या पायाबद्दल आम्ही इतकंच बोललो. मी नट सैल केले, त्यांनी खालून सायरन धरला, मी वरून. दोघांनी मिळून तो बाहेर काढला. बराच जड होता.

मंडळाचे अध्यक्ष दुपारी खात्री करायला आले. शेठ आणि कामगार पुन्हा बाकावर बसले, या वेळी न सांगता, सवय झाल्यासारखे. ब्रेक दाबला, लाल दिवे लागले, आवाज नाही. अध्यक्षांनी विचारलं, “म्हणजे ते मयताचं काही नव्हतं?” मी नाही म्हटलं. त्यांना थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं. काकांवर घेतलेल्या संशयाबद्दल ते काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी आधी काकांच्या हातात दिला.

सगळे उतरले तरी शेठ बसून होते.

“काय झालं, शेठ?”

“काही नाही. बाक आरामशीर आहे,” ते म्हणाले. “मला उगीच काहीतरी वाटत होतं.” मग खाली उतरले, प्रेसच्या दारात पाय धुतले आणि कामाला लागले.

काही महिन्यांनी काका डायनॅमोचे ब्रश बदलायला आले. गाडी कशी चाललीय विचारलं.

“गप चालती. पण आता कुणी सरकत नाय. रविवार कारंजावर लोक हॉर्न मारत्यात आपल्याला, मागून.”

“मग काय करता?”

“माणसं बसलेली असत्यात आत, त्यांनी तरी किती ऐकायचं? गाडी उभी करतो. उतरतो, पुढं जाऊन हात करतो. बसवर असताना करायचो तसा.”

“देतात जागा?”

“देत्यात,” काका म्हणाले. “तोंडाकडं बघितलं का देत्यात.”

मी ब्रश बदलले, त्यांना ब्रेक दाबायला सांगितला आणि मागे जाऊन दोन्ही दिवे बघितले. लागत होते.